एकलव्याचा अंगठा आणि वार्षिक सभेचा ठराव

५ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत कंपाऊंड धनुर्विद्येचा सांघिक अंतिम सामना झाला. भारताच्या तिघांनी दक्षिण कोरियाला २३५ विरुद्ध २३० अशा गुणांनी हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या तिघांपैकी दोघे विदर्भाचे होते. एक नागपूरचा ओजस देवतळे आणि दुसरा आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जवकार. याच प्रथमेशने त्याआधी मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जगातील अव्वल क्रमांकाचा डच धनुर्धर माईक श्लोसर याला १४९ विरुद्ध १४८ असे हरवले होते. पंधरा बाण, दीडशे गुण. त्यातला फक्त एक गुण गेला! त्याच्याही आधी, २०१९ साली, बुलढाणा पोलीस दलातील मोनाली जाधव हिने चेंगडूच्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत धनुर्विद्येची पदके जिंकून आणली होती. ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात एरव्ही दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्यांच्या निमित्ताने येते, त्या जिल्ह्याचे नाव या पोरांनी जगाच्या नकाशावर नेऊन ठेवले. त्यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच आहे.

परंतु अभिनंदनाचे फलक उतरले की एक प्रश्न उरतो. बुलढाण्यातून पुढचा प्रथमेश, पुढची मोनाली कुठून येणार? चिखलीच्या भीमनगरातून येणार काय? लोणारच्या ऊसतोड मजुराच्या घरातून येणार काय? सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत भिल्ल, भिलाला आणि कोरकू बांधवांच्या वस्त्या आहेत. धनुष्यबाण ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या आहे, त्या घरांतून येणार काय? या प्रश्नाचे उत्तर मैदानावर मिळेल असे आपण समजतो, आणि तिथेच आपली चूक होते. हे उत्तर दरवर्षी एका बंद खोलीत, पंधरा-वीस खुर्च्यांच्या बैठकीत लिहिले जाते. त्या बैठकीला क्रीडा संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणतात. ती केव्हा होते, कुठे होते आणि तिथे काय ठरते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

एकलव्याची कथा आपल्या घरात लहान पोरालाही माहीत असते. द्रोणाने अंगठा मागितला आणि एकलव्याने तो कापून दिला, एवढेच आपण सांगतो आणि संतापतो. संताप योग्यच आहे. पण कथेचा आधीचा भाग आपण घाईने ओलांडतो. अंगठा शेवटी गेला. प्रवेश त्याआधीच नाकारला गेला होता. निषादाच्या पोराला गुरुकुलात घ्यायचे नाही, हे त्या गुरुकुलाचे धोरण होते. कर्णाचेही तेच झाले. कौशल्य दाखवायला तो रंगमंडपात उतरला तेव्हा कृपाचार्यांनी त्याला नेम मारायला सांगितले नाही, आधी कूळ विचारले. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याचा प्रवेश अर्ज पात्रतेच्या रकान्यात अडवला गेला. म्हणजे सुरी नंतर येते, नियम आधी येतो! ज्याच्या हातात नियम असतो त्याला सुरी बाहेर काढण्याची वेळ क्वचितच येते. आणि या देशाने १९६१ साली खेळाडूंसाठी पुरस्कार सुरू केला त्याला नाव दिले अर्जुनाचे, १९८५ साली प्रशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला त्याला नाव दिले द्रोणाचार्यांचे. हे नाव ठरवणारेही कुठल्या तरी बैठकीतच बसले होते. त्या बैठकीत एकलव्याच्या बाजूने बोलणारा कुणी नव्हता.

नियम करून माणसाला बाहेर ठेवण्याची ही कला केवळ आपल्याच देशाची आहे असे नाही. ‘हौशी खेळाडू’ हा शब्दच पहा. इंग्रजीतला ‘अॅमॅच्युअर’. कानाला किती निरागस वाटतो! पैशासाठी न खेळता आवडीने खेळणारा तो हौशी, असा आपण त्याचा अर्थ घेतो. पण १८६० च्या दशकात इंग्लंडमधल्या धावण्याच्या आणि नौकानयनाच्या क्लबांनी या शब्दाची व्याख्या केली तेव्हा त्यात स्पष्ट लिहिले की, कारागीर, मिस्त्री आणि मजूर हे हौशी नव्हेत. म्हणजे एखाद्याने खेळातून एक पैसाही मिळवला नसेल, पण तो हाताने काम करून पोट भरत असेल, तर त्याने स्पर्धेत उतरायचे नाही. धावपटूंच्या संघटनेने १८८० साली ही अट काढली. हेन्लीच्या प्रसिद्ध नौका शर्यतीत मात्र अंगमेहनत करणाऱ्यांवरची बंदी १९३७ पर्यंत टिकली. घामाचा विटाळ होतो, हा सिद्धांत मनूने एकट्याने मांडलेला नाही!

गोल्फचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांनी गोल्फचे हिरवेगार मैदान बहुधा टीव्हीवरच पाहिलेले असते. या खेळात साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मैलोगणती चालणाऱ्या गरीब पोराला कॅडी म्हणतात. तो रोज साहेबांचा खेळ पाहतो आणि मैदान रिकामे असेल तेव्हा तुटक्या काठीने स्वतः शिकतो. अगदी एकलव्यासारखा. तो उद्या साहेबांना हरवेल ही भीती होतीच. अमेरिकेतील गोल्फ संघटनेने एकेकाळी नियम केला की, सोळा वर्षांचा झाल्यावरही जो पैसे घेऊन कॅडीचे काम करील तो हौशी खेळाडू राहणार नाही. पुढे वयाची ही मर्यादा वाढवत नेली आणि १९६३ साली नियम काढून टाकला. तोपर्यंत पिशवी उचलणाऱ्या किती पोरांची उमेद त्या एका ओळीखाली गाडली गेली असेल, त्याचा हिशेब कोण देणार?

त्याच १९६३ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमध्ये काय घडले, तेही आपण ध्यानात ठेवले पाहिजे. पापवा सेवगोलम हा भारतीय वंशाचा, मजुराच्या घरातला, कॅडीचे काम करत शिकलेला गोल्फपटू. हात उलटे धरून खेळायचा, कारण कुणी शिकवलेच नव्हते. त्याने युरोपात जाऊन डच ओपन स्पर्धा जिंकून दाखवली होती. १९६३ साली त्याने गोऱ्यांच्या मैदानावर नाताळ ओपन जिंकली. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. गोरे खेळाडू क्लबच्या इमारतीत गेले. पापवाला आत प्रवेश नव्हता. विजेत्याने आपला करंडक बाहेर पावसात उभे राहून स्वीकारला! त्या छायाचित्राने वर्णद्वेषी राजवटीची जगभर छीथू झाली. पण आपण एवढेच विचारू की, ‘यांनी आत यायचे नाही’ हे त्या पावसाने ठरवले होते काय? ते सरकारच्या कायद्याने आणि क्लबच्या नियमाने ठरवले होते.

हे सगळे दूरदेशीचे वाटत असेल तर पुण्याला चला. पळवणकर बाळू हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. चर्मकार समाजातला हा मुलगा क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्यासाठी आणि रोलर फिरवण्यासाठी महिना तीन रुपयांवर लागला. पुढे युरोपियनांच्या क्लबात चार रुपये मिळू लागले. तिथे साहेबांना सराव मिळावा म्हणून तो तासन्‌तास चेंडू टाकीत राहिला. पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांविरुद्ध जिंकायचे होते तेव्हा त्यांना बाळूचा हात हवा झाला. चेंडू टाकायला हात चालला, पण चहाला तो हात चालेना. मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात त्याला चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूने ११४ बळी घेतले. तरुण भीमरावांना या खेळाडूचा अभिमान होता. पुढे राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. तो इतिहास आपण लपवीत नाही. पण त्यामुळे मैदानावरचा अन्याय लहान होत नाही.

आणि तो अन्याय कुठे झाला? बळी घेण्यात बाळूला कुणी अडवले नाही. अडवले ते कर्णधारपदापाशी. कारण बळी मैदानावर मिळतात आणि कर्णधार निवड समिती ठरवते. वर्षामागून वर्षे गेली, बाळू कर्णधार झाले नाहीत. १९२० मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली. तेव्हा कुठे खळबळ उडाली आणि १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. खेळात जिंकून जे मिळाले नाही ते संघटितपणे ‘नाही’ म्हटल्यावर मिळाले, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. धनुर्विद्या हा खेळ एका अर्थाने सर्वांत न्यायी आहे. बाण दहाच्या वर्तुळात रुतला की तो दहाच. पंच मनुवादी असो की समतावादी, त्याला दहाच लिहावे लागतात. बाण कुळ विचारत नाही. मग अन्यायाला जागा उरते कुठे? बाण सोडण्याच्या रेषेपर्यंत पोचण्याच्या वाटेवर उरते. ती वाट जिल्हा संघटनेच्या वार्षिक धोरणातून जाते. कुठल्याही जिल्ह्यातल्या, कुठल्याही खेळाच्या संघटनेत वर्षभरासाठी कोणत्या गोष्टी ठरतात, त्या एकेक पाहू.

पहिली गोष्ट सभासदत्वाची. सभासद कोण होऊ शकतो, वर्गणी किती, नवा सभासद घ्यायचा की नाही हे कोण ठरवणार? घटनेत ‘कार्यकारिणीच्या संमतीने’ असे तीन-चार शब्द टाकले की दार कायमचे बंद करता येते. दुसरी गोष्ट निवड चाचणीची. तारीख कोणती, ठिकाण कोणते आणि सूचना किती दिवस आधी, कुठे लावायची? आपला जिल्हा तेरा तालुक्यांचा. संग्रामपूरच्या पोराने दोन एसट्या बदलून सकाळी आठ वाजता बुलढाण्याला चाचणीला यायचे, आणि सूचना त्याला आदल्या दिवशी संध्याकाळी कळायची, असे झाले तर त्याला कुणी ‘येऊ नको’ म्हणण्याची गरजच उरत नाही. तिसरी गोष्ट प्रवेश शुल्काची. दोन-तीनशे रुपये कुणाला किरकोळ वाटतील. रोजंदारीवर जाणाऱ्या मायला तो दिवसभराचा घाम असतो.

चौथी आणि या खेळातली सर्वांत जड गोष्ट साहित्याची. प्रथमेश ज्या प्रकारात खेळतो त्या कंपाऊंड धनुष्याचा सगळा संच लाखांच्या घरात जातो. बांबू-लाकडाच्या स्वदेशी धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ हा प्रकार त्या मानाने स्वस्त. गरिबाचे पोर इथूनच सुरुवात करते. आता जिल्ह्याच्या वार्षिक स्पर्धेत इंडियन राउंड किती गटांत घ्यायचा, शासनाकडून किंवा देणगीतून आलेली धनुष्ये कुणाच्या ताब्यात ठेवायची, ती सरावाला कुणाला द्यायची, हे सारे धोरणच आहे. साहित्य संघटनेचे, पण कुलूप कुणाच्या घराचे? हा प्रश्न सभेत विचारावा लागतो. तो न विचारणाऱ्याच्या पोराला दुसऱ्याचा सराव संपेपर्यंत मैदानाच्या कडेला बसून राहावे लागते.

पाचवी गोष्ट प्रमाणपत्राची. इथे प्रश्न थेट भाकरीशी येऊन भिडतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण आहेत. यासाठी लागणाऱ्या कागदावर स्पर्धा अधिकृत असल्याची खूण लागते आणि संघटनेच्या पदाधिकाऱ्याची सही लागते. पुढे तो कागद अमरावतीच्या विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात पडताळणीला जातो. ज्या संघटनेची मान्यताच वादात आहे, जिच्या स्पर्धेची नोंदच नीट नाही, तिच्या प्रमाणपत्रावर पोराने पोलीस भरतीचे स्वप्न बांधले तर त्या स्वप्नाचे काय होणार? खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे याच राज्यात उघडकीस आलेली आहेत. खोटे प्रमाणपत्र ज्याला मिळते त्याने एका खऱ्या खेळाडूची जागा खाल्लेली असते. ती जागा बहुतेक वेळा कुणाची असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

संघटनेतले भांडण खेळाडूला कसे भोगावे लागते, हे धनुर्विद्येच्याच राष्ट्रीय संघटनेने दाखवून दिले आहे. विजयकुमार मल्होत्रा हे भारतीय धनुर्विद्या संघटनेचे जवळपास चार दशके अध्यक्ष राहिले. वयाची आणि कार्यकाळाची मर्यादा घालणारी राष्ट्रीय क्रीडा संहिता २०११ साली आली. तिच्याशी संघटनेची घटना जुळेना म्हणून २०१२ मध्ये केंद्र सरकारने संघटनेची मान्यता काढली. ती परत मिळायला २०२० साल उजाडले. दरम्यान २०१९ च्या जूनमध्ये एकाच संघटनेच्या दोन ठिकाणी दोन निवडणुका झाल्या आणि दोन अध्यक्ष निवडून आले. जागतिक संघटनेने ऑगस्टमध्ये भारताला निलंबित केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपल्या धनुर्धरांना स्वतःच्या देशाच्या झेंड्याखाली उतरता आले नाही. रांचीजवळच्या एका रिक्षाचालकाची मुलगी दीपिका कुमारी हिने तिथे ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले, पण तिरंगा वर गेला नाही. खुर्चीसाठी दोघे भांडले आणि झेंडा गेला खेळाडूचा! जानेवारी २०२० मध्ये नव्या निवडणुकीनंतर ते निलंबन उठले.

कबड्डीची कहाणीही तशीच आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांतल्या पोरांचा हा खेळ, ना काठी ना चेंडू, नुसते अंग आणि श्वास. त्याच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावातच ‘अॅमॅच्युअर’ आहे. जनार्दनसिंह गेहलोत हे १९८४ पासून तिचे अध्यक्ष होते. ते पायउतार झाले ते ‘आजीव अध्यक्ष’ होऊन, आणि अध्यक्षपदी आल्या त्यांच्या पत्नी. एका जुन्या कबड्डीपटूने न्यायालयात धाव घेतली. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन्ही पदे बेकायदेशीर ठरवून प्रशासक नेमला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे प्रकरण कुणा मंत्र्याने किंवा साहेबाने धसास लावले नाही, एका माजी खेळाडूने लावले. त्याच्या हातात संघटनेची घटना होती आणि ती वाचण्याची चिकाटी होती.

आता २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला आहे. ऑगस्टमध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. राष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारिणीत पंधरापेक्षा अधिक माणसे नकोत, त्यात किमान चार महिला हव्यात, नामवंत खेळाडूंना जागा हवी, खेळाडूंची समिती हवी आणि वादांसाठी क्रीडा न्यायाधिकरण हवे, असे त्यात म्हटले आहे. या तरतुदींचे आम्ही स्वागत करतो. परंतु महिलांना आणि खेळाडूंना जागा देणारा हा कायदा अनुसूचित जाती-जमातींच्या प्रतिनिधित्वाबद्दल मौन बाळगतो. ज्या खेळात लिंबारामसारख्या आदिवासी धनुर्धराने तीन ऑलिम्पिकमध्ये देशाचे नाव नेले, त्या खेळाच्या कार्यकारिणीत आदिवासींसाठी एकही जागा राखून ठेवावी असे कुणाला वाटू नये? दुसरे असे की कायद्याचा मुख्य रोख वरच्या, राष्ट्रीय संघटनांवर आहे. गळती मात्र खाली, तालुका आणि जिल्ह्यात सुरू होते. तिथे दिल्लीचा कायदा चालत येणार नाही. तिथे आपल्यालाच चालत जावे लागेल.

कसे जायचे? रस्ता मोठा नाही. बहुतेक जिल्हा क्रीडा संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली नोंदलेल्या असतात. त्यांचे कागद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतात. नियमावली, पदाधिकाऱ्यांची यादी आणि तपासलेले हिशेब यांच्या नकला अर्ज करून, शुल्क भरून मागता येतात. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला आहे काय, हे पाहता येते. वर्षानुवर्षे बदल अर्ज नाही म्हणजे सभा झाल्या नाहीत किंवा झाल्या त्या कागदावरच, असा संशय घ्यायला जागा आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात शासनाकडून आलेल्या निधीचा आणि साहित्याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागता येतो. खेळाडूंच्या पालकांनी, क्रीडा शिक्षकांनी, आपल्या वस्त्यांतील क्रीडा मंडळांनी रीतसर सभासद व्हावे, सभेची सूचना लेखी मागावी, सभेला जावे आणि बोलावे. अर्ज नाकारला तर नकारही लेखी मागावा. तोंडी नकार हवेत विरतो, लेखी नकार न्यायालयात टिकतो.

आणि सभेत काय मागायचे? नुसती तक्रार घेऊन जाऊ नका, ठराव लिहून घेऊन जा. निवड चाचणी एका वर्षी बुलढाण्याला, दुसऱ्या वर्षी खामगावला, तिसऱ्या वर्षी जळगाव जामोदला घ्यावी. चाचणीची सूचना किमान पंधरा दिवस आधी तेराही तालुक्यांच्या शाळांत आणि आश्रमशाळांत लागावी. प्रत्येकाचे गुण त्याच दिवशी, त्याच मैदानावर फळ्यावर लिहावेत. दारिद्र्यरेषेखालील घरच्या पोरांना प्रवेश शुल्क माफ असावे. संघटनेची धनुष्ये एका पेढीसारखी ठेवावीत आणि कुणाला केव्हा दिली, केव्हा परत आली, याची वही सर्वांना पाहता यावी. कार्यकारिणीत खेळाडू आणि महिला असाव्यात, अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असावेत आणि कुणीही लागोपाठ दोन मुदतींपेक्षा अधिक काळ एकाच पदावर राहू नये. यात क्रांतीची भाषा कुठेच नाही. पण हे ठराव ज्या वर्षी मंजूर होतील त्या वर्षी भिंगाऱ्यासारख्या डोंगरातल्या गावाचे पोर बाण सोडण्याच्या रेषेवर येऊन उभे राहील.

येथवर वाचून माना डोलावणाऱ्या आपल्याच माणसांना आता थोडे कडू बोलायचे आहे. दुसऱ्याच्या संघटनेत हिशेब मागायला निघण्याआधी आपल्या घरात डोकावले पाहिजे. आपल्या किती विहार समित्या, जयंती मंडळे, वाचनालये आणि क्रीडा मंडळे दरवर्षी सर्वसाधारण सभा घेतात? किती ठिकाणी जमाखर्च वाचून दाखवला जातो? किती अध्यक्ष मुदत संपल्यावर स्वतःहून बाजूला होतात? एक मंडळ फुटून दोन होतात, दोनाची चार होतात, आणि प्रत्येकाचा अध्यक्ष आजीव! महिला कार्यकारिणीत असतात त्या नावापुरत्या, खिचडी आणि रांगोळीच्या कामापुरत्या. आपल्या संघटनेत जो प्रश्न विचारील तो ‘गटबाजी करणारा’ ठरतो. मग दुसऱ्याच्या सभेत उठून प्रश्न विचारण्याची सवय आपल्या पोरांना लागणार कुठून? प्रस्थापितांची मक्तेदारी मोडायची असेल तर ती आपल्या अंगणातही खपवून घेता येणार नाही.

बाबासाहेबांनी सार्वजनिक कार्याला संस्थेचे रूप दिले ते कसे, हे आठवावे. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ती त्याच १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदली गेली, ज्याच्याखाली आज जिल्ह्याजिल्ह्यांतल्या क्रीडा संघटना नोंदल्या जातात. तिला कार्यकारी समिती होती, उद्दिष्टे होती, नियम होते. त्या सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, मुंबईत वाचनालय काढले आणि तरुणांसाठी हॉकी क्लबही काढला. होय, हॉकी क्लब! ज्या समाजाला पाण्याच्या थेंबासाठी चवदार तळ्यावर झगडायचे होते, त्या समाजाच्या पोरांनी खेळलेही पाहिजे, आणि तेही स्वतःच्या, नियमाने चालणाऱ्या संघटनेत खेळले पाहिजे, हे त्यांना त्या काळात सुचले. देशाची घटना लिहिणाऱ्या माणसाच्या अनुयायांनी आपल्या पोराच्या क्रीडा संघटनेची दहा पानी घटना वाचलेली नसावी, ही गोष्ट त्यांना रुचली असती काय?

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंड धनुर्विद्येची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच खेळली जाणार आहे. जगभरचे कंपाऊंड धनुर्धर कित्येक वर्षे ज्या दाराबाहेर उभे होते, ते दार एका बैठकीतल्या एका ठरावाने उघडले. कंपाऊंड धनुष्याची तार बोटांनी सोडत नाहीत, ‘रिलीज’ नावाच्या लहानशा कळीने सोडतात, आणि पुष्कळ धनुर्धर ती कळ अंगठ्याने दाबतात. म्हणजे जो अंगठा द्रोणाने मागून घेतला होता, त्याच अंगठ्यावर आज पदक उभे आहे.

आपल्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या वहीवर अंगठे उठवले. वहीत काय लिहिले आहे, हे त्यांना वाचता येत नव्हते. आपल्याला येते. तेव्हा यंदाच्या वार्षिक सभेची तारीख विचारा. त्या दिवशी एक रोजी बुडाली तर बुडू द्या. सभेच्या हजेरी वहीवर स्वच्छ अक्षरात सही करा, आधी मागच्या सभेचे इतिवृत्त वाचायला मागा, आणि मगच ठरावासाठी हात वर करा. पाचही बोटे शाबूत असलेला हात!